तारूसिनच्या खांद्यावरची शाल

फोटोत ऊर्मिलाचा चेहरा आलाच नव्हता, नुसते हात आले होते. पण माणूस स्वतःचे हात कुठेही ओळखतो, हे तिला त्या मंगळवारी जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या ऑफिसातल्या कॉफीच्या खोलीत कळलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कुकरच्या वाफेने पोळल्याचा पांढुरका डाग, डाव्या मनगटात घड्याळाच्या वर सरकलेली एकच हिरवी बांगडी. ते दोन हात एका रुंद खांद्यांच्या माणसाला शाल पांघरत होते आणि तो माणूस मान किंचित झुकवून हसत होता. फ्राउ हार्टनागेलने वर्तमानपत्राचं ते पान चार घड्या घालून पर्समधून आणलं होतं. नऊ वर्षं ती ऊर्मिलाच्या शेजारच्या टेबलावर बसून गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेत आली होती आणि तिच्या नजरेतून स्क्रूवरचा ओरखडासुद्धा सुटत नसे. हे तुझेच हात ना, एवढंच तिने विचारलं. त्यात आरोप नव्हता आणि कौतुकही नव्हतं. ऊर्मिला हो म्हणाली आणि फोटोखालचा मजकूर वाचायला लागली.

फोटोतला माणूस म्हणजे ग्लेब तारूसिन, रशियन कादंबरीकार. चौदा भाषांत त्याची भाषांतरं झालेली, आणि जर्मनीत तर कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात शिरलं की पहिल्या टेबलावर तोच. युद्ध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तो मॉस्को सोडून म्युनिकजवळ एका तळ्याकाठी राहायला आला, आणि आला त्याअर्थी युद्धाच्या विरोधात असणार, असं इथल्या लोकांनी धरून टाकलं. त्याने तसं कधी म्हटलं नव्हतं. तसं नाही, असंही म्हटलं नव्हतं. त्याची पुस्तकं इकडेही खपत होती आणि तिकडेही. दोन दगडांवर पाय ठेवणारा केव्हातरी पाण्यात पडतो म्हणतात, पण हा गृहस्थ तीन वर्षांहून जास्त काळ दोन्ही दगडांवर ऐसपैस उभा होता, आणि पाण्याचा थेंब काही अंगावर उडत नव्हता. आता मॉस्कोच्या एका मासिकाने त्याला विचारलं होतं की जर्मनीत रशियन लेखकाला हल्ली जड जात असेल ना. त्यावर तो म्हणाला होता, "मुळीच नाही. इथे मला कुणी काही विचारत नाही. लोक येतात आणि मला शाल पांघरतात." आणि पुरावा म्हणून वर ऊर्मिलाचे हात.

ती परत जागेवर येऊन बसली. समोर काचेपलीकडे एक ब्रेक तीन दिवसांपासून दाबला आणि सोडला जात होता, अजून चार दिवस तसाच दाबला जाणार होता. तिने आकडे पाहिले, टिपले, पुन्हा पाहिले. हात कामात होते. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की मॉनिटरच्या कडेला गेली दोन-अडीच वर्षं चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर तारूसिनचंच वाक्य आहे, तिने स्वतः मराठीत आणलेलं: गप्प बसणाऱ्या माणसाचे हात नेहमी कामात असतात. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीतलं. नदीकाठच्या एका लहानशा गावातला तारमास्तर लोकांच्या तारा वाचून वर कळवत राहतो. शेजाऱ्याला धरून नेतात त्या दिवशी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत घड्याळं दुरुस्त करत बसतो. चिठ्ठी काढून टाकावी असं तिला वाटलं, मग वाटलं, का काढायची. वाक्य खरं आहे. ज्याने लिहिलं त्यालाही ते लागू पडतं, आणि ज्या बाईने ते मॉनिटरला चिकटवलं तिलाही. हा शेवटचा विचार आला आणि तिने कॉफी तशीच बाजूला सारली.

कारण त्या संध्याकाळी नेमकं काय झालं हे फोटोला माहीत नव्हतं, तिला होतं. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, बॉबलिंगेनचं वाचनालय, साठ-सत्तर खुर्च्या. तारूसिन येणार हे कळल्यावर तिने वाचनालयाच्या बाईंना गाठून विचारलं होतं की आमच्याकडे थोर माणसाला शाल आणि नारळ देतात, शेवटी दोन मिनिटं मिळतील का. बाई हरखून गेल्या; तो आठवडाच परदेशी संस्कृतींचा होता आणि त्यांच्याकडे बेली डान्सखेरीज काही नव्हतं. तिचा नवरा जयंत म्हणाला होता, अगं रशियन माणसाला नारळ देतेस, त्याला वाटेल बाँब. नारळ एशिया शॉपमधून आणला. नवी शाल पुण्याहून मागवली होती, पण पार्सल वेळेवर आलं नाही, म्हणून तिने कपाटातली आबांची, तिच्या वडिलांची, शाल काढली. म्हणून, की त्या निमित्ताने? हे तिने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. डायरीत तिने एक प्रश्नही लिहून नेला होता, चार ओळींचा, नटवलेल्या जर्मनमध्ये, ज्यात युद्ध हा शब्द तिसऱ्या ओळीत हळूच येत होता. वाचन झालं. प्रश्न आहेत का, असं बाईंनी विचारलं. दुसऱ्या रांगेत हिरव्या स्वेटरमधल्या एका बाईने हात वर केला. तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीशी ती मघापासून युक्रेनियनमध्ये कुजबुजत होती. हात सरळ होता, शाळेतल्या मुलीसारखा. त्या हाताकडे पाहून वाचनालयाच्या बाई गडबडल्या, त्यांनी घड्याळ पाहिलं, मग ऊर्मिलाकडे पाहिलं आणि मोठ्या सुटकेने म्हणाल्या की त्याआधी आपल्याकडे एक सुंदर भारतीय प्रथा आहे. ऊर्मिला उठली. तिने शाल उलगडली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, नारळ हातोहात फिरला, लोक उभे राहिले, आणि उभे राहिलेले लोक पुन्हा बसत नाहीत. कार्यक्रम संपला. शाल पांघरताना तिला तारूसिनच्या खांद्यावरून तो हात दिसत होता. तो थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खाली गेला.

त्या रात्री तिला झोप छान लागली होती, हे तिला आता आठवलं आणि स्वतःचा राग आला. डायरीतला प्रश्न डायरीतच राहिला याचं तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. आपल्याकडे तर रीतच आहे: ज्याचा सत्कार केला त्याला नंतर कुणी प्रश्न विचारत नाही. शाल पडली की माणूस वादातीत झाला. गावोगावचे किती चेअरमन आणि किती साहेब या एका कापडाखाली सुखाने झाकून गेले असतील, त्याची मोजदाद नाही. आणि ही रीत तिने विमानाने सात हजार किलोमीटर आणून एका जर्मन वाचनालयात वापरली होती, जिथे ती कुणाला माहीत नव्हती आणि सगळ्यांच्या सोयीची मात्र निघाली.

घरी येऊन तिने तारूसिनचे अलीकडचे फोटो शोधले. फ्रांकफुर्ट, व्हिएन्ना, झ्युरिच. प्रत्येक फोटोत शाल. मोतिया रंगाची, तपकिरी काठाची, एका टोकाला आबांच्या ट्रंकेच्या गंजाचा डाग असलेली शाल. एका समीक्षकाने तर लिहिलं होतं की ती शाल आता त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग झाली आहे, पूर्वेचं काहीतरी शांत, क्षमाशील त्यातून जाणवतं. पूर्वेचं! सांगलीच्या पेठेतून कारखान्याच्या शिपायाने घासाघीस करून आणलेली शाल ती. ऊर्मिला एकटीच हसली, आणि हसताना डोळे भरून आले. पंधरा वर्षांची इरा सोफ्यावरून म्हणाली, "वास इस्ट?" काय झालं म्हणून. काही नाही, असं ऊर्मिला म्हणाली, आणि मग, आजवर कधी सांगितलं नव्हतं ते तिने मुलीला सांगितलं.

आबा, म्हणजे लहू बनसोडे, एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. आयुष्यात त्यांना एकच शाल मिळाली, निवृत्तीच्या दिवशी, आणि ती ज्यांच्या हातून मिळाली त्याच साहेबांनी त्यांच्या बढतीची फाईल अकरा वर्षं टेबलावर ठेवली होती. का ठेवली होती ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तीत राहणाऱ्या माणसाला स्टोअरकीपरच्या खुर्चीत बसवायचं नव्हतं, एवढंच. ऊर्मिला तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, खास साडी नेसून आईच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. साहेबांनी शाल पांघरली. टाळ्या झाल्या. आबांनी माईक हातात घेतला, दोन शब्द बोलायला. शाल ऊबदार आहे, साहेब, आभारी आहे, असं म्हणाले, आणि त्याच आवाजात, जराही न चढवता, पुढे म्हणाले, "आता ती फाईल अकरा वर्षं तुमच्या टेबलावर का होती, तेवढं सगळ्यांसमोर सांगा." मांडवात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. कुणीतरी चहा आणा रे म्हणालं. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. आबा उभेच. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं ऊर्मिलाला वाटत होतं. आबांची तिला इतकी लाज वाटली की घरी जाताना ती त्यांच्या लुनावर बसली नाही, आईबरोबर चालत गेली. ती लाज तिने वीस वर्षं जपून ठेवली. आबा गेले त्या महिन्यात, परतीच्या विमानात, तिने तारूसिनची ती तारमास्तरची कादंबरी वाचली. मास्तर घड्याळं दुरुस्त करत बसतो त्या पानावर आली आणि आबा त्या दिवशी उभे का राहिले ते तिला कळलं. रडून रडून तिचे डोळे सुजले. शेजारच्या प्रवाशाने तिला स्वतःची पाण्याची बाटली दिली. तिचा बाप तिला परत देणारा माणूस तारूसिन होता. त्याला बापाची शाल देण्यात चूक काय होती? चूक शाल देण्यात नव्हतीच. शाल देऊन ती खाली बसली, ती चूक.

इराने सगळं ऐकलं, आणि फोनमधून डोळे वर काढून जर्मनमध्ये विचारलं की मग साहेबांनी उत्तर दिलं का. नाही, ऊर्मिला म्हणाली. उत्तर मिळालंच नाही.

पुढचे दोन दिवस तिने या गोष्टीकडे तिच्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. समारंभात पांघरलेली शाल परत घ्यायची रीत मराठीत नाही. जन्मापासून मरणापर्यंत देण्याच्या रीती ढिगाने आहेत, परत घेण्याची एकही नाही. पण ती रोज ज्या कामावर जात होती तिथे होती. विकून, रस्त्यावर धावायला लागलेली गाडीसुद्धा एखादा भाग चुकीचा निघाला की परत बोलावतात. सगळ्या मालकांना पत्रं जातात, आणि त्यात लाज मानत नाहीत; लाज न बोलावण्यात असते. भाग वाईटच असतो असं नाही, नको त्या जागी बसलेला असतो. हा विचार आला आणि तिला फार हलकं वाटलं. तिला तारूसिनला शिक्षा करायची नव्हती. पुस्तकं जाळा, दुकानातून काढा, असल्या गोष्टींचा तिला तिटकारा होता. लोकप्रियता त्याची त्याने मिळवलेली, ती त्याला लखलाभ. पण मान तिने दिला होता, स्वतःच्या हाताने, आणि जो देतो त्याचीच तो परत बोलावण्याची जबाबदारी असते.

जयंतला हे पटलं नाही. तो वाईट माणूस नव्हे. पोळ्या लाटता लाटता त्याने शांतपणे सगळे मुद्दे मांडले. पुढच्या महिन्यात नागरिकत्वाच्या अर्जासाठी आपली आम्टमध्ये टर्मीन आहे, सरकारी कचेरीने वेळ दिली आहे, उगाच पेपरात नाव कशाला. रशियन लोकांचं आणि युक्रेनियन लोकांचं ते बघून घेतील, आपण कोण. आणि दिलेली वस्तू परत मागणं बरं दिसतं का? या शेवटच्या मुद्द्यावर तिने आईला फोन लावला. प्रभावतीबाई ऐंशीला टेकल्या होत्या, कानाने कमी, पण बाकी सगळं शाबूत. आबांची शाल कुणाला दिली हे लेकीने त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं. ते आता सांगितलं.

"ती तुझी नव्हतीच द्यायला," मग त्या म्हणाल्या. "जा, घेऊन ये."

शनिवारी ती बॉबलिंगेनच्या वाचनालयात गेली आणि हिरव्या स्वेटरवाल्या बाईंचं नाव-गाव मिळेल का असं तिने विचारलं. डाटेनशुट्झ, असं म्हणत वाचनालयाच्या बाईंनी दोन्ही हात वर केले; माहिती देता येणार नाही. मग थोडं थांबून, कॉम्प्युटरकडे पाहत त्या म्हणाल्या की ती बाई नंतर कधी आलीच नाही, आणि तिला काय विचारायचं होतं ते मलाही ऐकायला हवं होतं. ऊर्मिलाला हिरव्या स्वेटरवाल्या बाईंचा प्रश्न आता विचारता येणार नव्हता. दुसऱ्याचा प्रश्न आपण अंदाजाने विचारू नये. तिच्याजवळ फक्त तिचा होता. घरी येऊन तिने जुनी डायरी काढली, त्या चार ओळी वाचल्या, आणि शब्द खोडत गेली. शेवटी चारच राहिले: तुम्ही गप्प का आहात?

तारूसिनचं पुढचं वाचन म्युनिकला होतं, रविवारी सकाळी अकरा वाजता. जर्मन लोकांना साहित्य न्याहारीनंतर पचतं. इरा आपण होऊन बरोबर निघाली; का, ते तिने सांगितलं नाही. गाडीत ती कानात बोंडं घालून बसली. खिडकीबाहेर शेतं गेली, उल्मचं उंच चर्च गेलं. काय म्हणायचं ते ऊर्मिला मनात घोळवत होती. प्रत्येक वेळी वाक्य थोडं गोड व्हायचं, आणि ती पुन्हा त्यातली साखर काढायची.

सभागृहात तीनशे तरी लोक होते. तारूसिन आला, आणि शाल त्याच्या खांद्यावर होती. पुढच्या पोस्टरवरही होती. वाईट म्हणजे तो फार सुंदर वाचत होता. रशियन तिला येत नव्हतं, तरी त्याचा जाड, थकलेला आवाज ऐकून तिला विमानातली ती रात्र आठवली, आणि क्षणभर वाटलं, राहू दे, शोभते आहे त्याला. हा मोह खरा होता, तो तिने मनाशी कबूल केला. मग एका नटाने जर्मन उतारा वाचला, टाळ्या झाल्या, आणि गोल चष्म्याच्या सूत्रधाराने प्रश्न मागितले. एकाने विचारलं, तुम्ही हाताने लिहिता की मशीनवर. दुसरीने विचारलं, तळ्याचा तुमच्या लेखनावर काही परिणाम. ऊर्मिलाने हात वर केला. माईक आला. तिचं जर्मन ऐन वेळी चाचण्यांच्या अहवालातल्यासारखं कोरडं झालं, आणि ते बरंच झालं.

"माझं नाव ऊर्मिला बनसोडे. ती शाल मी तुम्हाला पांघरली होती. मला ती परत हवी आहे."

लोक हसले. त्यांना हा गमतीचा भाग वाटला. तारूसिनने तिला ओळखलं, दोन्ही हात पसरले, आणि त्याच्या त्या जड जर्मनमध्ये म्हणाला की रोज सकाळी लिहिताना तो हीच शाल घेऊन बसतो, हिच्याइतकी ऊब त्याला कुठल्या पुरस्कारात मिळाली नाही. पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांवर तो किती सहज तरंगतो हे तिला मागच्या रांगेतूनही दिसत होतं. मग तो पुढे झुकला. "तुमच्या देशात दिलेली शाल परत मागतात?"

"नाही," ऊर्मिला म्हणाली. "मी पहिलीच."

या वेळी हसणारे कमी होते. ती पुढे बोलली. ही शाल माझ्या वडिलांची. त्यांना ती मिळाली तेव्हा त्यांनी ती अंगावर असतानाच एक प्रश्न विचारला होता. तुम्ही मॉस्कोच्या मासिकाला सांगितलंत की जर्मनीत तुम्हाला कुणी काही विचारत नाही, शाल पांघरतात. त्या दिवशी एका बाईने हात वर केला होता, आणि माझ्या शालीमुळे तो खाली गेला. म्हणून ती परत हवी. तुमची पुस्तकं माझ्या घरी आहेत, ती तिथेच राहतील. एवढं सांगून झाल्यावर सूत्रधाराने चष्मा सारखा करत आभार मानले आणि पुढचा प्रश्न कुणाचा असं विचारलं. माईकवाल्या मुलीने माईक काढून घेतला. ऊर्मिला उभीच राहिली. कुणाचा पुढचा प्रश्न येईना. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं. "ममा, सेट्झ दिश," इरा दातांतल्या दातांत म्हणाली, बस ना खाली. तिचे कान लाल झाले होते. ऊर्मिलाला ती प्लास्टिकची खुर्ची आठवली, तो पंखा, ते साय धरलेले कप. पोरी, मला माहीत आहे तुला काय होतंय, असं तिला म्हणायचं होतं, पण ती बसली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तारूसिनने शाल काढली. हसू त्याने चेहऱ्यावर ठेवलं होतं, पण शालीचं टोक शर्टाला लावलेल्या माईकच्या वायरीत अडकलं, त्याला वाकावं लागलं, सूत्रधार मदतीला धावला, आणि त्या खटपटीत सगळ्या सभागृहात कापड खरवडल्याचा मोठा आवाज झाला. सुटल्यावर त्याने ती पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याकडे दिली. म्हाताऱ्याने मागे दिली. रांगेरांगेतून, एका हातातून दुसऱ्या हातात शाल येत गेली. कुणी ती नीट घडी करायचा प्रयत्न केला, कुणी झटकन पुढे ढकलली. तिच्या हातात आली तेव्हा तिला डांबरगोळ्यांचा वास येत नव्हता. कसल्यातरी महागड्या साबणाचा येत होता. गंजाचा डाग मात्र जागच्या जागी होता. समोर मंचावर एक साठीचा, जरा पोक आलेला माणूस पाणी पीत होता. आता त्याच्या खांद्यावर काही नव्हतं.

हे झालं की आपण निघायचं, असं तिने ठरवलं होतं, निदान जयंतला तसं सांगितलं होतं. पण प्रश्न अजून तसाच होता. माईक पार दुसऱ्या टोकाला गेला होता, तो पुन्हा मागावा लागणार होता, आणि तिचे दोन्ही हात शालीत गुंतलेले. ती घडी घालत राहिली, काठाला काठ जुळवत राहिली. शेजारून इराने हात पुढे केला, तिच्या हातांतून शाल काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली. तिचे कान अजून लालच होते. ऊर्मिलाचे हात रिकामे झाले. तिने उजवा हात वर केला आणि माईक येईपर्यंत तो खाली घेतला नाही.